सूस रस्त्यावरची भूजलशाळा

पाषाणहून सूसकडे जाणाऱ्या रस्त्यावर लेण्याद्री सोसायटी आहे. अ‍ॅक्वाडॅम या संस्थेचा पत्ता वर्षानुवर्षं हाच. पूर्ण नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेंटर फॉर वॉटर रिसोर्सेस डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट’. एवढं लांबलचक नाव सहसा कुणी घेत नाही, कार्यकर्त्यांच्या तोंडी ती अ‍ॅक्वाडॅमच. १९९८ साली पुण्यातल्या काही भूवैज्ञानिकांनी नफा न कमावणारी संस्था म्हणून ती उभी केली. बंधारे बांधणं किंवा तलाव खोदणं हे तिचं काम नव्हतं. जमिनीखालचं पाणी कुठं असतं, किती असतं, कसं हलतं आणि कधी संपतं, हे ते पाणी वापरणाऱ्या माणसांना मोजायला शिकवायचं, हे तिनं अंगावर घेतलेलं काम. पाव शतकाहून अधिक काळ ते चाललं आहे. आणि अशा शिकवण्याला पैसा कुणी द्यायचा, हा प्रश्नही तितकाच काळ तिच्यासोबत चालत आला आहे. संस्थेचा इतिहास सांगताना या दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कुणी वळत नाही. इथं मुद्दाम वळायचं आहे.

या कामाची मुळं १९७२च्या दुष्काळात आहेत. त्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी पिढी अजून गावोगाव भेटते. लाल मिलोच्या भाकऱ्या, सुकडी आणि खडी फोडायचं काम. लाखो माणसं ज्या काळ्या पाषाणावर घण घालत होती, त्याच पाषाणाच्या भेगांत त्यांच्या गावाचं पाणी होतं किंवा नव्हतं. पण ते सांगू शकणारी माणसं राज्यात मोजकीच होती. त्याआधीच, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, युनिसेफनं कठीण खडक भेदणारी यंत्रं आणली आणि विंधन विहिरींचं युग सुरू झालं. त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप मात्र महिन्या-दोन महिन्यांत मोडून पडू लागले. जालना आणि सोलापूर इथं त्यावर खटपटी झाल्या, तिथले पंप त्या त्या गावांच्या नावानं ओळखले गेले आणि त्या धडपडीतून पुढे देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क-२’ घडला. पंप चांगला झाला तरी तो चालू राहिला तो तालुक्यात आणि गावात दुरुस्ती करणारे मिस्त्री तयार केल्यावरच. यंत्राबरोबर माणूस घडवायला पैसा लागतो, हा धडा तिथंच मिळाला होता. तो नंतर वारंवार विसरला गेला.

त्याच १९७२ साली महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. पुण्यात मुख्यालय, जिल्ह्याजिल्ह्यांत भूवैज्ञानिक आणि राज्यभर सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी. वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजायची. देशात इतकं शिस्तशीर काम फार थोड्या राज्यांनी केलं. पण ते आकडे सरकारी फायलीत जात. विहिरीच्या मालकाला आपल्या विहिरीचा आकडा कळेलच असं नव्हतं, आणि कळला तरी त्याचं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरा प्रवाह पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातून आला. प्राध्यापक एस. बी. देवळणकर यांनी दख्खनच्या बेसाल्टची जलधारणक्षमता हा विषय लावून धरला. १९८०मध्ये त्यांचा या विषयावरचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग या लाव्हाच्या खडकानं व्यापलेला आहे, तेव्हा हा विषय राज्याच्या पोटापाण्याचा होता. त्याच विभागात शिकवणारे हिमांशू कुलकर्णी हे अ‍ॅक्वाडॅमच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे दीर्घकाळ तिचे सूत्रधार. देवळणकर सरही संस्थापकांत होते. २००० साली या मंडळींनी मिळून दख्खनच्या भूजलव्यवस्थेची एक चौकट मांडली, ती आजही अभ्यासात वापरली जाते.

ही चौकट सोप्या भाषेत अशी. लाव्हा एकावर एक थरांनी साचला. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा घट्ट, एकसंध असतो आणि वरचा बुडबुड्यांचा. वरच्या भागाला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये कधी लालसर मातीचा पट्टा येतो. पाणी राहतं ते मांजऱ्याच्या भेगांत, मुरमात आणि घट्ट खडकाच्या आडव्या-उभ्या चिरांत. वाळूच्या प्रदेशात पाणी सगळीकडे थोडं थोडं असतं. इथं ते ठरावीक थरांत, ठरावीक जागी आणि फार थोडं असतं. एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका हेक्टरखाली दहा मीटर जाडीचा पाणीधारक थर आहे आणि त्यातलं उपसण्याजोगं पाणी दोन टक्के आहे, असं धरू. मग ते पाणी होतं २,००० घनमीटर. शेतावर पसरलं तर २० सेंटिमीटर. ऊस वर्षाला दोन मीटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पितो. म्हणजे एका हेक्टर उसाला दहा हेक्टरांखालचा थर रिकामा करावा लागेल. ज्वारी-हरभऱ्याचं गणित वेगळं निघतं. हा हिशेब ज्याला करता येतो, तो शेतकरी आणि ज्याला येत नाही तो शेतकरी, यांच्यात पुढच्या दहा वर्षांत कर्जाचा फरक पडतो.

अर्थात गावात कुणी हिशेबाची वाट बघत बसत नाही. शेतकरी पाणाड्याला बोलावतो. तळहातावर नारळ, नाहीतर दोन फांद्यांची काटकी. पाणाड्याला हसणं सोपं आहे. पण तो तासाभरात उत्तर देतो, ‘इथं पाडा’ म्हणतो आणि नारळाचे पैसे घेऊन जातो. भूवैज्ञानिकाचं उत्तर मिळायला गावातल्या सगळ्या विहिरींची नोंद व्हावी लागते, वर्षभर पातळी मोजावी लागते. शिवाय ‘पाडू नका’ असंही ते उत्तर असू शकतं. बोअर पाडायला आधीच पैसे उचललेल्या माणसाला हे ऐकवायचं, तर ऐकवणारा त्याच्याच गावातला, त्याच्या ओळखीचा असावा लागतो. बाहेरून आलेल्या पदवीधराचं तिथं काही चालत नाही.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात पाणलोटाचं वारं होतं. राळेगणसिद्धी सगळ्यांना ठाऊक झालं होतं, हिवरेबाजार उभं राहत होतं, नगर जिल्ह्यातून फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारानं भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला होता आणि १९९३ साली वॉटर ही संस्था निघाली होती. या जर्मन कार्यक्रमाची एक गोष्ट इथं नोंदवायला हवी. त्यात आधी गावाची तयारी करण्याचा स्वतंत्र टप्पा होता, त्याला स्वतंत्र निधी होता आणि तो पार पडल्यावरच मोठ्या कामाचा पैसा येई. प्रशिक्षणाला बाजूचा खर्च न मानता पहिला खर्च मानण्याचं हे महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण.

मात्र पाणलोटाचा नकाशा जमिनीच्या उतारावर आखला जातो. खालचा खडक तो उतार मानेलच असं नाही. एका ओढ्यात अडवलेलं पाणी आडव्या थरातून पलीकडच्या गावाच्या विहिरीत निघू शकतं. समतल चर खोदला ती जागा एकसंध कातळाची असेल, तर पाणी तिथंच वाफ होऊन जातं. मातीच्या कामात मुरलेल्या संस्थांकडे हे पाहणारे डोळे नव्हते. अ‍ॅक्वाडॅमचा जन्म या फटीत झाला. विद्यापीठातलं ज्ञान इंग्रजी निबंधांत होतं, संस्थांचे कार्यकर्ते बांधावर होते आणि दोघांच्या मधे कुणीच नव्हतं.

त्या काळात हे या एकाच संस्थेला सुचलं होतं असं नाही. पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून विज्ञान आश्रम चालवला होता. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते तिथं आले. जमिनीचा विद्युतरोध मोजणारं स्वस्त उपकरण त्यांनी तयार केलं आणि शाळा सुटलेल्या मुलांना ते वापरून पाण्याच्या जागा शोधायला शिकवलं. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत त्याआधीपासून पाणी माणशी वाटत होती. अ‍ॅक्वाडॅमनं वेगळं काय केलं, तर खडकाचं शास्त्र अभ्यासक्रमात बसवलं आणि ते शिकवणं हेच आपलं मुख्य काम मानलं.

संस्थेचे भूजलाचे वर्ग सुरू झाले ते मुख्यतः इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी. सुमारे दोन आठवडे. थोडं वर्गात, बरंचसं टेकडीवर आणि विहिरीच्या काठावर. शिकणाऱ्यांत समाजकार्याचे पदवीधर असत, कृषी पदविकाधारक असत आणि बारावीनंतर शिक्षण सुटलेली गावची पोरंही. खडक ओळखायचा, त्याच्या चिरांची दिशा होकायंत्रानं घ्यायची, विहिरीची नोंद करायची. व्यास किती, खोली किती, कोणत्या थरातून झरा येतो, उन्हाळ्यात किती तास मोटर चालते. मग उपसा चाचणी.

उपसा चाचणी ही या शाळेतली कळीची गोष्ट. सहा मीटर व्यासाची विहीर आहे असं समजा. मोटर तासाला ३०,००० लिटर पाणी फेकते, हे आधी पिंप भरून मोजलेलं. मोटर चालू केली की सुरुवातीला मिनिटामिनिटाला आणि मग जरा सावकाश पातळी टिपायची. तासाभरात पाणी पाऊण मीटर उतरलं. विहिरीच्या पोटात साठलेलं जे पाणी गेलं ते झालं सुमारे २१,२०० लिटर. मग उरलेले ८,८०० लिटर कुठून आले? खडकानं दिले. म्हणजे या विहिरीला खडक तासाला जेमतेम नऊ हजार लिटर देतो आणि मोटर त्याच्या तिप्पट-चौपट ओढते. मोटर बंद केल्यावर पाणी परत चढायला किती वेळ लागतो, तेही टिपायचं. शेजारच्या विहिरीवर एक माणूस टेप घेऊन बसलेला असतो. इकडे मोटर चालू असताना तिकडची पातळी दोन बोटं उतरली, तर दोन्ही विहिरी एकाच थरातून पितात. भावकीत पाण्यावरून वर्षानुवर्षं चाललेली कुरबूर त्या दोन बोटांत सिद्ध होते, आणि तेही दोघांच्या डोळ्यांदेखत. एवढ्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे मोजपट्टी, घड्याळ, पिंप आणि वही. हे तंत्रज्ञान महाग नाही. महाग आहे ते शिकवणाऱ्याचा वेळ आणि शिकून गेलेल्या पोराच्या मागे पुढची दोन वर्षं उभं राहणं.

सुरुवातीच्या काळातलं एक काम सूसच्याच मुळशी तालुक्यातलं आहे. मुळशी म्हटलं की लोकांना धरण आठवतं, सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो आणि धो धो पाऊस. त्याच मुळशीत वळकी नदीचं कोळवण खोरं आहे. पावसाची कमतरता नाही, तरी मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. तिथं गोमुख ट्रस्ट पाणलोटाचं काम करत होता. ब्रिटिश सरकारच्या विकासखात्याच्या पैशातून ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं एक अभ्यास हाती घेतला. गुजरातेत सतलासणा, तमिळनाडूत कोइमतूर आणि महाराष्ट्रात कोळवण अशा तीन जागा. बंधारे घातल्यानं जमिनीत खरोखर किती पाणी जातं, हे मोजायचं. कोळवणची जबाबदारी अ‍ॅक्वाडॅमकडे आली. २००२ ते २००५च्या सुमारास पर्जन्यमापक, पातळीच्या नोंदी, बंधाऱ्यातल्या पाण्याचा जमाखर्च असं सगळं झालं.

या अभ्यासाचा निष्कर्ष बंधारे बांधणाऱ्यांना गोड वाटणारा नव्हता. बंधाऱ्यांचा परिणाम जागेजागी बदलतो, पावसानं आपसूक होणाऱ्या पुनर्भरणापुढे तो पुष्कळदा थोडाच असतो आणि उपशाला आवर घातल्याशिवाय नुसत्या पुनर्भरणानं प्रश्न सुटत नाही, असं तिन्ही ठिकाणचं मिळून दिसलं. कोळवणच्या खडकाची कोठीच लहान. पावसाळ्यात ती भरते आणि उरलेलं पाणी ओढ्यानं निघून जातं. कोरडेपणा आकाशातून येतो तसा खडकातूनही येतो, हे समजायला मुळशीहून चांगली जागा नाही. माण-खटावमध्ये पाऊस कमी, कोळवणमध्ये साठवण कमी. उन्हाळ्यात हंडा दोन्हीकडे रिकामाच.

हा अभ्यास परदेशी पैशातून झाला आणि तो होता संशोधनाचा पैसा. संस्थेच्या पहिल्या दशकाचा हा पेच समजून घेतला पाहिजे. संशोधनाला देणगीदार मिळत, कामाला मिळत, शिकवण्याला मिळत नसत. केंद्र सरकारनं २००८ साली पाणलोट विकासासाठी समान मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा प्रकल्पखर्चाचा निम्मा हिस्सा प्रत्यक्ष कामांना ठेवला आणि संस्थाबांधणी व प्रशिक्षणाला पाच टक्के. त्याआधीच्या मानानं ही प्रगतीच म्हणायची. तरी पाच टक्क्यांत गावसमितीचं प्रशिक्षण, सहली, बैठकांचा चहा, फलक, सगळं आलं. त्यात खडक ओळखायला शिकवण्याचा वाटा किती निघणार? पुढे २०१४पासून कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा आला. त्या पैशाला वर्षअखेरीस दाखवायला काहीतरी हवं असतं. गाळ काढलेल्या तलावाचं छायाचित्र अहवालात शोभतं. टेप घेऊन विहिरीत वाकलेल्या पोराचं छायाचित्र त्या मानानं फिकं पडतं.

या कोंडीतून वाट काढायला ज्या देणगीदारानं मोठा हात दिला, तो बेंगळुरूचा अर्घ्यम् न्यास. रोहिणी नीलेकणी यांनी स्वतःच्या पैशातून तो उभा केला आणि २००५पासून पाणी हाच विषय धरला. न्यासाच्या पाठबळावर २०१०च्या आसपास लोकसहभागातून भूजल व्यवस्थापनाचा कार्यक्रम आकाराला आला. डेहराडूनची पीपल्स सायन्स इन्स्टिट्यूट, भुजची एसीटी आणि पुण्याची अ‍ॅक्वाडॅम यांसारख्या संस्था एकत्र आल्या. शास्त्रीय बाजू मुख्यतः अ‍ॅक्वाडॅमची. अर्घ्यम्‌नं पैसा दिला तो नकाशे, मोजमापं, प्रशिक्षण आणि गावातल्या बैठकांसाठी. बांधकामाचा हट्ट धरला नाही. भारतातल्या देणगीदारांत हा धीर विरळा होता, असं मला वाटतं.

कच्छमध्ये या कामातून ‘भूजल जाणकार’ ही माणसं पुढे आली. गावातलीच, फारसं शिक्षण नसलेली, पण आपल्या पंचक्रोशीतला वाळूचा खडक कुठं सुरू होतो आणि खारं पाणी कुठं लागतं, हे बोट ठेवून दाखवणारी. तिथला पाऊस सोलापूरपेक्षाही कमी. कच्छचे जाणकार आणि आपल्याकडचे विहिरी मोजणारे कार्यकर्ते एकाच अभ्यासक्रमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शिकले.

याच सुमारास दक्षिणेत मोठा प्रयोग चालू होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. आंध्र प्रदेशातल्या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच पाऊस आणि बोअरची पातळी मोजायची, रब्बीच्या तोंडावर गावानं मिळून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग ज्यानं त्यानं आपलं पीक ठरवायचं, असा तो कार्यक्रम. पैसा नेदरलँड्सचा, मग राबवणूक संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची. त्या संघटनेनं १९८९मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतीत कीडनियंत्रणासाठी काढलेली शेतीशाळेची पद्धत इथं पाण्याला लावली. कुणावर बंदी नाही, कुणाला अनुदान नाही. ताळेबंद भिंतीवर लिहिला की पुष्कळ शेतकरी आपणहून भात सोडून दुसऱ्या पिकाकडे वळले. जगभर त्याची वाखाणणी झाली. मात्र प्रकल्पाचा पैसा थांबल्यावर मोजणाऱ्यांच्या मागे कुणी उभं राहायचं, हा प्रश्न तिथंही उरला.

महाराष्ट्रात या पद्धतीचं सगळ्यांत बोलकं उदाहरण साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं रणदुल्लाबाद. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ संस्थेचं तिथं काम होतं, शास्त्राची बाजू अ‍ॅक्वाडॅमची आणि पाठबळ अर्घ्यम्‌चं. गावातल्या विहिरींची नोंद झाली, थर शोधले गेले, पाणी कोणत्या भागातून मुरतं तो नकाशा गावापुढे आला. मग गावानं नियम केले. शेतीसाठी नवी बोअर पाडायची नाही, विहिरी सामायिक वापरायच्या, मुरण्याची जागा राखायची, पीक पाणी बघून. हे नियम कायद्यानं घातलेले नाहीत, ग्रामसभेत झालेले आहेत. उथळ थरातलं पाणी विहिरीला पुरतं, पण खोल बोअर पाडली की वरचा थर तिच्यातून खाली झिरपतो आणि सगळ्यांच्याच विहिरी आटतात, हे गावाला स्वतःच्या आकड्यांवरून पटलं, म्हणून बोअरबंदी टिकली. इतर गावांनी बोअरबंदीचे ठराव केले आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात मोडलेही. आकडे हाती नसतील, तर ठराव नुसता कागद राहतो.

डोंगराळ सिक्कीममधला अनुभव या गणिताला आणखी वेगळी कलाटणी देतो. तिथं २००८मध्ये राज्य सरकारनं ‘धारा विकास’ सुरू केला. आटत चाललेले झरे जिवंत करायचे. सरकारी कर्मचाऱ्यांना आणि गावातल्या तरुणांना झऱ्यांचं भूशास्त्र शिकवणाऱ्यांत अ‍ॅक्वाडॅम होती. खोदकामाचा सगळा खर्च रोजगार हमीतून. म्हणजे शिकवण्यावर थोडा पैसा खर्च झाला आणि त्यानं कितीतरी मोठा सरकारी पैसा योग्य उतारावर नेऊन टाकला. चर कुठं खोदायचा हे माहीत नसतं, तर तीच रोजगार हमी चुकीच्या डोंगरावर खपली असती. बेसाल्टवर शिकलेली पुण्याची माणसं हिमालयात जाऊन उपयोगी पडली, याचा संस्थेला अभिमान वाटत असेल तर तो रास्त आहे.

उलट उदाहरण आपल्या राज्यातच घडलं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी मुरवलं. त्याला यश आलं आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द मंत्रालयापर्यंत गेला. तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, हे मात्र सोबत गेलं नाही. २०१४नंतर राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत राज्यभर पोकलेन उतरले. काही ठिकाणी काम उत्तम झालं. काही ठिकाणी नाला इतका खोल गेला की त्याच्या काठच्या थरातलं विहिरींचं पाणीच नाल्यात उतरू लागलं. भूवैज्ञानिकांनी तेव्हा इशारे दिले, त्यावर वाद झडले, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. पोकलेनच्या काही दिवसांच्या भाड्यात गावातल्या दोन पोरांचं प्रशिक्षण होऊ शकलं असतं, असं म्हणणं थोडं अतिशयोक्तीचं होईल. पण फारसं नाही.

धोरणाच्या पातळीवर या शाळेचं म्हणणं पोचलं ते नियोजन आयोगामार्फत. डॉ. मिहिर शहा तेव्हा आयोगाचे सदस्य होते. मध्य प्रदेशातल्या बागलीत त्यांची समाज प्रगती सहयोग ही संस्था आणि अ‍ॅक्वाडॅम यांची जुनी भागीदारी होती. निमखेडा इथला त्यांचा एकत्रित अभ्यास संस्थेच्या बाळपणीचा. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी शाश्वत भूजल व्यवस्थापनाचा कार्यगट नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद हिमांशू कुलकर्णी यांच्याकडे होतं. २०११च्या त्या अहवालात देशभर जलधरांचे, म्हणजे पाणीधारक थरांचे, नकाशे करावेत आणि त्यांचं व्यवस्थापन लोकांनी करावं, असं मांडलं गेलं. नकाशांचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर केंद्रीय भूजल मंडळानं हाती घेतला. नकाशे झाले, आजही होत आहेत. ‘लोकांनी’ हा भाग मात्र हळू चालतो.

महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमाचं नाव २००९चं आहे, प्रत्यक्षात तो लागू झाला २०१४मध्ये. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये, असं त्यात आहे. कोणत्याही तालुक्यात बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, तो सांगेल की तीनशे फुटांच्या आत हल्ली कुणी थांबत नाही. कायद्याच्या पोलिसानं प्रत्येक बांधावर उभं राहणं शक्य नाही, हे सगळ्यांना कळतं.

मग २५ डिसेंबर २०१९ रोजी अटल भूजल योजना जाहीर झाली. एकूण ६,००० कोटी रुपये, त्यातले निम्मे जागतिक बँकेचं कर्ज. महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या आठ हजारांहून अधिक ग्रामपंचायती. यातली वाटणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. १,४०० कोटी संस्थाबांधणी आणि प्रशिक्षणाला, ४,६०० कोटी मोजता येतील अशा कामगिरीवर प्रोत्साहन म्हणून. म्हणजे सुमारे तेवीस टक्के. पाच टक्क्यांवरून तेवीस टक्क्यांवर यायला एक तप लागलं. शिवाय बंधारे बांधण्यासाठी इथं वेगळा पैसाच ठेवला नाही, तो इतर योजनांतून आणायचा. गावानं पाऊस मोजायचा, पातळी मोजायची, ताळेबंद करायचा, आराखडा करायचा. हे सगळं या क्षेत्रातल्या माणसांनी वीस वर्षं छोट्या प्रमाणावर करून दाखवलं होतं. ते सरकारी चौकटीत आल्यावर त्याची धार थोडी बोथट झाली, नोंदवह्या मुदतीआधी घाईत भरल्या गेल्या, हेही खरं. पण इतक्या गावांत पर्जन्यमापक आणि पातळीमापक पोचले, ही गोष्ट लहान नाही.

सरकारी पैसा मोठा झाला, त्याच काळात संस्थांकडे येणारा पैसा आक्रसला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनं अशी देणगी एका संस्थेनं दुसरीकडे वळवण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरली. शिकवणाऱ्या संस्थेचा खर्च मुख्यतः माणसांचा असतो. सिमेंटची पावती तिच्याकडे नसते. लेखापरीक्षकाच्या रकान्यात शिकवणाऱ्याचा पगार ‘कार्यक्रम’ धरायचा की ‘प्रशासन’, यावर अशा संस्थांचं वर्ष ठरतं. भूजल शिकवणारी संस्था असो वा इतर कुठलं कौशल्य शिकवणारी, हा प्रश्न सगळ्यांपुढे सारखाच आहे.

संस्थेनं अलीकडे आपल्या शहराकडेही पाहिलं. २०१९मध्ये पुण्याच्या जलधरांवर तिनं एक अहवाल काढला. टेकड्या, रामनदी, उथळ आणि खोल थर यांचा तो पहिला नीट मांडलेला आढावा. सूस आणि म्हाळुंगे २०२१च्या जूनअखेरीस महापालिकेत आली. नळाचं पाणी तिथल्या सगळ्या गृहसंकुलांपर्यंत अजून पुरेसं पोचलेलं नाही. टँकरच्या रांगा आणि बोअरच्या गाड्या सूस रस्त्यावर रोज दिसतात. चौदाव्या मजल्यावरच्या रहिवाशाला आपल्या इमारतीखालचा थर कुठून भरतो हे ठाऊक नाही. तो थर भरणारी टेकडी पुढच्या प्रकल्पासाठी कापली जाते, तेही त्याच्या लक्षात येत नाही. संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी तयार केलेला दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम सोसायट्यांच्या कमिट्यांना शिकवायचा झाला, तर त्याचा पैसा कोणत्या लेखाशीर्षात बसेल, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. शेतीचा नाही, पाणलोटाचा नाही, महापालिकेच्या अंदाजपत्रकात तर ‘भूजल प्रशिक्षण’ नावाची ओळ शोधायलाच लागेल.

अटल भूजलची मूळ पाच वर्षं २०२०च्या एप्रिलपासून मोजली होती. त्या पैशावर तयार झालेले गावोगावचे मोजणारे तरुण आज आहेत. ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून त्यांचं मानधन चालू ठेवावं, असं काही ठिकाणी सुचवलं जातं. मानधन फार लागत नाही, महिन्यातून दोन-तीन दिवसांचं काम आहे. वर्षाच्या हिशेबात बसवलं, तर एका बोअरच्या खर्चात एका गावाची पाच-सहा वर्षांची मोजणी होते. ग्रामसभेपुढे ठेवायचा प्रस्ताव एवढाच आहे.